काउंटरच्या वर उरलेले साडेपाच इंच

मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी नंबरवाले आपल्या दुकानाच्या नव्या काउंटरमागे जाऊन उभे राहिले आणि जवळजवळ दिसेनासे झाले.

उरलं ते एवढंच: केस, कपाळ, भुवया आणि चष्म्याची वरची कड. शेजारचे टेलर मास्तर नवा काउंटर बघायला आले होते. त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि बाहेरच्या बाजूने मोजलं.

"साडेपाच इंच," मास्तर म्हणाले.

"सहा," काउंटरमागून आवाज आला.

नंबरवाले बावीस वर्षं चष्मे विकत होते. डोळे तपासून भिंगाचा नंबर काढण्यात त्यांचा हात धरणारा त्या रस्त्यावर दुसरा नव्हता. एकच दुकान असल्यामुळे तसा कुणी असण्याची शक्यताही नव्हती, हे ते स्वतःच सांगत. नंबर एकदा काढला की ते पुन्हा बघत नसत. "माझं माप चुकत नाही," हे वाक्य ते दिवसातून सरासरी चार वेळा म्हणत. तेव्हा मंगळवारी जे घडलं त्याचा त्यांच्यापुरता अर्थ सरळ होता: माप दुसऱ्या कुणाचं तरी चुकलंय.

जुन्या काउंटरला वाळवी लागली होती. खाली खण आणि वर फ्रेमा मांडायचा काचेचा कप्पा, असा तो उंच प्रकार होता. नवा करायचं ठरलं तेव्हा नंबरवाल्यांनी स्वतःच्या हाताने कागदावर लिहून दिलं होतं: "जुन्या काउंटरबरहुकूम. उंचीत एका सुताचाही फरक नको." खाली सही. त्याच सुमारास फरशीही बदलून झाली. काउंटर बसवला तेव्हा नंबरवाले गिऱ्हाइकांच्या बाजूला उभे राहून पाव तास त्याचं कौतुक करत होते. मागे जायची वेळ मंगळवारीच आली.

मागे जाताना आणखी एक गोष्ट घडली होती. त्यांचा उजवा पाय रोजच्या सवयीने वर उचलला गेला आणि रिकाम्या हवेतून दाणकन फरशीवर आदळला. नवी फरशी, असं ते मनात म्हणाले. हा तपशील त्यांनी आठ दिवस कुणाला सांगितला नाही. स्वतःलाही नाही.

अकरा चाळीसला सुतार आले. रस्त्यावर त्यांना सगळे काटकोन मिस्त्री म्हणत. कुणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात अंगठा घालून बघत, आणि कोन चुकलेला निघाला तर त्या घरचं पाणी त्यांना गोड लागत नसे. मिस्त्रींनी खिशातून टेप काढली, लावली, मिटली.

"जुना चार फूट आठ. हा चार फूट आठ. हा कागद. ही तुमची सही."

"कागद राहू द्या, मिस्त्री. मी दिसतोय का?"

मिस्त्रींनी नीट पाहिलं. "दिसताय की."

"किती?"

"ते मी माझ्या कामात धरलं नव्हतं."

"मग उतरवा थोडा. खालून कापा."

"चुकलं असतं तर आत्ता कापलं असतं," मिस्त्री म्हणाले. "बरोबर मापाला मी करवत लावत नाही."

मास्तरांनी मध्यम मार्ग सुचवला. कापड असतं तर चार इंच आत दुमडून टाके घातले असते, वेळ पडली तर सोडवताही आले असते. लाकडाला ती सोय नाही, याबद्दल त्यांनी दोघांच्याही वतीने खेद व्यक्त केला. मिस्त्री गेल्यावर ते हळूच म्हणाले, "नंबरवाले, एखादं खोकं घ्या पायाखाली."

"खोकं? माझ्या दुकानात मी खोक्यावर उभा राहू?"

"नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणायच्या आत राहा," मास्तर म्हणाले आणि आपल्या मशीनवर जाऊन बसले.

बुधवारी एक वयस्कर गृहस्थ आले. काउंटरवर फ्रेम चढवून ठेवलेलं प्लास्टरचं मुंडकं असतं, त्याच्याशी ते सहा मिनिटं बोलले. डाव्या डोळ्याची तक्रार सविस्तर सांगितली. मागून नंबरवाले "हो, हो, बसा" म्हणत होते, पण गृहस्थांना ऐकूही कमी येत होतं. जाताना ते मास्तरांना म्हणाले, "तुमचे शेजारी फार शांत आहेत. मधे एक अक्षर बोलले नाहीत."

हे मास्तरांनी सगळ्या रस्त्याला सांगितलं. नंबरवाल्यांनीही सांगितलं, पण वेगळं. जो भेटेल त्याला ते म्हणाले, "मिस्त्रींचा हात गेला हो. मापं चुकायला लागलीत." गुरुवारी दुपारी समोरच्या औषधवाल्यांनी मिस्त्रींना सांगितलेलं भिंतभर कपाटाचं काम थांबवलं. बातमी कळली तेव्हा नंबरवाल्यांना थोडं समाधान वाटलं. ते त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. आलं असतं तरी दिसलं नसतं.

त्याच संध्याकाळी बायकोचा भाऊ आला. बायको पंधरा दिवस बहिणीकडे गेली होती आणि दाजींवर लक्ष ठेवायचं काम त्याच्याकडे होतं. त्याच्या कचेरीत व्यापारी तंटे ऑनलाइन मध्यस्थीने कसे मिटवावेत, यावर नुकतंच एका तासाचं शिबिर झालं होतं. ते तो अख्खं बसून ऐकून आला होता, आणि तेव्हापासून त्याला एखाद्या तंट्याची आस लागली होती.

"दाजी, कोर्टात गेलात तर तारीख पडेपर्यंत नव्या काउंटरलाही वाळवी लागेल. हे घरबसल्या. दोघं पडद्यावर, मधे मध्यस्थ. निकाल कुणी देत नाही. मध्यस्थ दोघांना फक्त बोलतं करतो."

"आम्ही बोलतोच आहोत."

"एकमेकांशी?"

नंबरवाले गप्प बसले. मेहुण्याने ती संमती समजून पोर्टल उघडलं.

वादाचे प्रकार होते: पुरवठा, दर्जा, विलंब, इतर. 'इतर' निवडल्यावर चाळीस शब्दांत खुलासा मागितला. नंबरवाल्यांचा पहिला मसुदा तीनशे दहा शब्दांचा होता आणि त्यात 'विश्वासघात' हा शब्द पाच वेळा होता. मेहुणा एकेक शब्द उडवत गेला. प्रत्येक शब्दाला नंबरवाले दाढ काढताना कण्हावं तसे कण्हले. शेवटी अर्जात राहिलं ते असं: "काउंटर उंच केला आहे. मी दिसत नाही." पुरावा म्हणून फोटो जोडला. 'समोरच्या पक्षाशी आपले पूर्वीचे संबंध' या रकान्यात त्यांनी "उत्तम" लिहिलं, मग त्यापुढे "होते" जोडलं.

मिस्त्रींचं उत्तर शनिवारी आलं. "मला काही नको. माप बरोबर होतं, एवढं त्यांनी ज्यांना ज्यांना चुकलं म्हणून सांगितलं त्यांना जाऊन सांगावं. चौदा जण आहेत. यादी जोडली आहे."

"चौदा?" नंबरवाले म्हणाले. "मी अकरा जणांना सांगितलं." त्यांनी यादी दोनदा वाचली. चौदा बरोबर होते. तीन जण ते विसरले होते. पहिलं नाव औषधवाल्यांचं होतं.

पहिली बैठक सोमवारी दुपारी चार वाजता झाली. मेहुण्याने फोन काउंटरच्या काठावर टेकवून ठेवला आणि कचेरीला पळाला. पडद्याच्या एका चौकोनात मिस्त्री होते, मागे उभ्या फळ्या, सगळ्या एका रेषेत. दुसऱ्या चौकोनात मध्यस्थ बाई होत्या. पांढरे केस, मागे रिकामी भिंत, आणि दोन भांडणाऱ्या भावंडांना एकाच बाकावर बसवून मोठं केल्यासारखा आवाज.

"अर्जदार, तुमचं फक्त कपाळ दिसतंय. कॅमेरा जरा खाली घ्या."

"कॅमेरा ठीक आहे, बाई. काउंटर वर आहे."

"बरं. तुम्ही जोडलेला फोटो मी पाहिला. छान काउंटर आहे. यात तुम्ही कुठे आहात?"

"मागे उभा आहे."

बाईंनी हनुवटी वर करून फोटो पुन्हा पाहिला. "म्हणजे हा तुमचा फोटो आहे?"

"हाच तर वाद आहे," नंबरवाले म्हणाले.

दारातून मास्तर ओरडले, "बाई, माझ्या वहीत मापं आहेत! बावीस वर्षांच्या पॅन्टी!"

"तिथे तिसरी व्यक्ती आहे का?"

"दुकानात नाही, दारात आहे," नंबरवाले म्हणाले. "मास्तर, ती वही काढलीत तर मी दुसरीकडे शिवायला टाकीन."

"गिऱ्हाइकाचं माप म्हणजे गुपित असतं," मास्तर म्हणाले. "बाईंनी मागितली तरच काढीन."

बाईंनी मागितली नाही. ही चर्चा गोपनीय असते, ज्यांचा वाद त्यांनीच बोलायचं असतं, एवढं समजावून त्या मिस्त्रींकडे वळणार, तोच चार एकतीसला नंबरवाल्यांच्या फोनची बॅटरी संपली. चार्जर घ्यायला ते खाली वाकले आणि त्यांचं कपाळही गेलं. बैठक बुधवारवर ढकलली गेली.

मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता बायको परतली. बॅग घेऊन थेट दुकानात आली. काउंटर पाहिला, "छान झालाय हो," म्हणाली, आणि मागच्या बाजूला गेली.

"अहो, चौथरा कुठे गेला?"

"कुठला चौथरा?"

"ज्यावर तुम्ही बावीस वर्षं उभे होतात तो. लाकडी. मी रोज त्याच्याखालून केर काढायचे."

नंबरवाल्यांच्या उजव्या पायाला आठ दिवसांनी उत्तर मिळालं.

चौथरा वाळवीनेच पोखरलेला होता. फरशीवाल्यांनी पहिल्याच दिवशी तो भंगारात टाकला असणार. नंबरवाले बाकावर बसले. दुकान उघडलं तेव्हा तो चौथरा त्यांनीच करून घेतला होता, पहिल्या वर्षी लक्षातही ठेवला होता. मग लोक त्यांना उंच समजू लागले. रस्त्यात भेटले की म्हणत, "काम करून करून वाकलात हो." ऐकता ऐकता त्यांचंही तेच मत झालं. बावीस वर्षं दुसऱ्याची नजर दुरुस्त करणाऱ्या माणसाला पायाखालची वस्तू दिसली नव्हती. यावर एखादा विनोद करता येईल, असं त्यांच्या मनात आलं. तो दुसऱ्या कुणाबद्दल असता तर त्यांनी केलाही असता.

बायकोने सगळी हकिगत ऐकून घेतली.

"मग आता मिस्त्रीभाऊंना सांगून टाका."

"सांगतो."

"कधी?"

"योग्य वेळ बघून."

"चौदा जणांना सांगताना बघितली होतीत वेळ? उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्या माणसाचं कपाट गेलं तुमच्यापायी."

"थांबलंय. गेलं नाही."

बायकोने बॅग उचलली आणि ती घरी गेली. त्या रात्रीच्या जेवणाबद्दल नंबरवाल्यांची काही तक्रार नव्हती. तक्रार करायला समोर कुणी बसलंच नव्हतं.

बुधवारी चार वाजता दुसरी बैठक. सुरुवातीलाच बाई म्हणाल्या की दोघांशी स्वतंत्र बोलायचंय. मिस्त्रींना त्यांनी पडद्यावरच्या वेगळ्या खोलीत पाठवलं. नंबरवाल्यांनी तीन वेळा विचारलं, "गेले ना नक्की?" मग काउंटरला वळसा घालून ते फोनसमोर खुर्चीत बसले आणि बोलायला लागले. पाय, फरशी, चौथरा, बावीस वर्षं. मधेच थांबले.

"बोला ना," बाई म्हणाल्या. "तुम्ही परवानगी दिल्याशिवाय मी त्यांना काही सांगणार नाही."

"परवानगी देत नाही. पण ते राहू द्या. बाई, तुम्ही वाचताना हनुवटी वर का करता?"

"सवय आहे."

"सवय नाही. फ्रेम खाली बसलीय. वाचायचं भिंग गालावर आलंय तुमच्या. आणि डावी बाजू घसरलीय. सोमवारपासून बघतोय, मला झोप नाही." हे त्यातल्या त्यात खरं होतं. "काढा. नाकावरच्या दोन चकत्या दिसतात? अंगठ्याने जराशा आत घ्या. जोर नको. आता डावी काडी कानामागे किंचित खाली वाकवा. बस. लावा."

बाईंनी चष्मा लावला. समोरचा कागद उचलला. हनुवटी हलली नाही.

"अरे," त्या म्हणाल्या. तेवढंच. पण नंबरवाल्यांना त्या आठवड्यात पहिल्यांदा आपण पूर्ण उंचीचे आहोत असं वाटलं. त्या भरात ते कबुलीजबाब विसरले. बाईंनी आठवण केली: काउंटरबद्दल काय करायचं? ते म्हणाले, "मिस्त्रींनी फक्त चार इंच कापावेत. बाकी मी मोठ्या मनाने सोडून देतो."

बाईंनी मोठ्या मनाबद्दल काही म्हटलं नाही. त्यांनी मिस्त्रींना परत बोलावलं.

मिस्त्री आले, बसले आणि पडद्याकडे बघत राहिले.

"बाई, मघाशी तुमचा चष्मा डावीकडे दोन सूत खाली होता. आता लेव्हलला आहे."

बाई खुर्चीत ताठ झाल्या. "हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. स्वतंत्र बोलताना अर्जदारांनी माझा चष्मा नीट करायला मदत केली. म्हणजे एका पक्षाकडून मी सेवा घेतली. ते योग्य नाही. तुमची हरकत असेल तर मी बाजूला होते, तुम्हाला दुसरा मध्यस्थ मिळेल."

नंबरवाले खुर्चीतून अर्धे उठले. दुसरा मध्यस्थ म्हणजे पुन्हा चाळीस शब्द, पुन्हा फोटो, पुन्हा "यात तुम्ही कुठे आहात?"

मिस्त्री विचार करत होते. त्यांनी पडद्याजवळ येऊन चष्म्याची एक बाजू पाहिली, मग दुसरी.

"हरकत कशाला?" ते म्हणाले. "काम बरोबर झालंय. बरोबर झालेल्या कामाला मी नावं ठेवत नाही."

मिस्त्रींनी ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. चौकटीत अंगठा घालून बघावं, तितक्या सहज म्हटलं होतं. टोमणा असता तर नंबरवाल्यांजवळ उत्तर होतं. बावीस वर्षांत त्यांना टोमण्याला उत्तर सुचलं नाही असं झालं नव्हतं. दारात मास्तर उभे होते. मागच्या खोलीत भिंग घासणाऱ्या बायकोने मशीन बंद केलं होतं.

"मिस्त्री," नंबरवाले म्हणाले, "खाली चौथरा होता."

"कुठे?"

"माझ्या पायाखाली. फरशीवाल्यांनी काढला. माप तुमचं बरोबर होतं. मी..." त्यांनी शब्द शोधला. "मी लहान निघालो."

मास्तर मोठ्याने "अरेरे" म्हणाले. बाईंनी तिसऱ्या व्यक्तीबद्दल विचारलं नाही.

मिस्त्रींनी खिशातून टेप काढली. मग त्यांनी विचारलं, "चौथरा केवढा होता?"

"आठवत नाही."

"मग माप घ्यावं लागेल."

"कशाचं?"

"तुमचं."

चार बेचाळीसला समझोत्याचा मसुदा पडद्यावर आला. कलम एक: अर्जदार चौदाही जणांना स्वतः जाऊन सांगतील की माप बरोबर होतं. कलम दोन: मिस्त्री नवा चौथरा करून देतील. कलम तीन: काउंटरला कुणी करवत लावणार नाही. कलम चार: चौथऱ्यासाठी अर्जदारांची उंची मिस्त्री मोजतील आणि अर्जदार त्या आकड्याखाली सही करतील. दोघांनी आपापल्या नावापुढच्या चौकटीत खूण करायची. मुदत शनिवार संध्याकाळी सहापर्यंत. नाहीतर प्रकरण 'निष्फळ' म्हणून बंद.

गुरुवारी सकाळी दहा वाजता मिस्त्री टेप, काटकोन बघायचा गुण्या आणि कानामागे पेन्सिल घेऊन आले. नंबरवाल्यांनी शटर अर्धं ओढून घेतलं. अर्ध्या शटरखालून रस्त्यावरच्या लोकांचे पाय दिसत होते, आणि ते पाय थांबले होते. नंबरवाले दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहिले. मिस्त्रींनी डोक्यावर गुण्या टेकवला.

"टाचा," मिस्त्री म्हणाले.

"टाचांचं काय?"

"खाली."

टाचा खाली आल्या. चौकटीवर पेन्सिलची रेघ उमटली. मिस्त्रींनी टेप लावली आणि आकडा लिहिला: पाच फूट दीड इंच.

"दोन," नंबरवाले म्हणाले.

"दीड."

"अर्ध्या इंचाने काय होतंय, मिस्त्री? माझ्या सगळ्या कागदांवर पाच फूट चार आहे. मी आधीच दोन इंच सोडतोय."

"दोन लिहिलं तर चौथरा अर्धा इंच कमी होईल. मग तुम्ही परत म्हणाल, माप चुकलं."

बायको मागून म्हणाली, "मिस्त्रीभाऊ, दीडच लिहा. मी बघितलंय."

मिस्त्रींनी त्याच दिवशी दुपारी पोर्टलवर आपल्या चौकटीत खूण केली. नंबरवाल्यांनी कलम चारमधला आकडा गोपनीय ठेवता येईल का, असं बाईंना लिहून विचारलं. बाईंचं उत्तर आलं: पोर्टलवर ठेवता येईल, दाराच्या चौकटीवरच्या रेघेबद्दल पोर्टलला काही करता येत नाही. खाली त्यांनी चष्मा उत्तम बसल्याचं कळवलं होतं आणि असं कळवणं योग्य नसल्याबद्दल दिलगिरीही व्यक्त केली होती.

चौदांपैकी तेरा जणांना शुक्रवार रात्रीपर्यंत सांगून झालं. प्रत्येकाने चौथऱ्याची हकिगत पहिल्यापासून ऐकायला मागितली. तिघांनी नंबरवाल्यांना उभं करून बघितलं. मास्तरांनी आपलं नाव यादीत सातवं असल्याचं निदर्शनास आणलं आणि दारात आधीच ऐकलेलं असूनही पुन्हा रीतसर ऐकून घेतलं. मग वही काढून आतल्या एका पानावर बोट ठेवलं आणि काही न बोलता ती मिटली.

आज शनिवार. पाच वाजून वीस मिनिटांनी नंबरवाले काउंटरमागून बाहेर आले आणि रस्ता ओलांडून औषधवाल्यांच्या दुकानात शिरले. औषधवाले स्वतः सहा फुटी आहेत आणि त्यांचा काउंटर छातीएवढा आहे. त्याच्याआड नंबरवाल्यांचं किती दिसत होतं, हे रस्त्याच्या या बाजूने कळलं नाही. मास्तरांनी टेप गळ्यातच ठेवली. पाच पस्तीसला औषधवाल्यांनी कपाटाविना रिकाम्या राहिलेल्या भिंतीकडे हात करून काहीतरी विचारलं, आणि नंबरवाले हाताने लांबी-रुंदी दाखवत बोलत राहिले. पाच एक्कावन्नपर्यंत ते बाहेर आलेले नाहीत. त्यांचा फोन त्यांच्याच काउंटरवर, प्लास्टरच्या मुंडक्याशेजारी चार्जिंगला आहे. पोर्टल उघडं आहे आणि त्यांच्या नावापुढची चौकट रिकामी आहे.